मापात बांधलेल्या अंतराळयानाला दिवाळीच्या किल्ल्याशेजारी जागा द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास आपल्या दैनिकात बेळगाव शहरातील आणि तालुक्यातील किल्ल्यांची छायाचित्रे येऊ लागतात आणि पुढे हिवाळ्यात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्या येतात. या दोन्ही बातम्या मी आस्थेने वाचतो. उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांसाठी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो वस्तूचा नमुना, करणे हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता, त्यामुळे कोणी हाताने काही घडवलेले दिसले की माझी नजर प्रथम त्याच्या मापाकडे जाते. किल्ला मुले स्वतः बांधतात. माती कालवणे, दगड रचणे, भिजवलेल्या पोत्यावर अळीव पेरणे, बुरुज ढासळला की पुन्हा उभा करणे, हे सारे त्यांच्याच हातून होते. विज्ञान प्रदर्शनातील अंतराळयान मात्र पुष्कळदा दुकानातून आलेले असते, आणि ही तफावत मला गेली काही वर्षे सतत खटकते आहे.

प्रदर्शनाची तारीख जवळ आली की तयार प्रकल्प विकत मिळू लागतात. त्यांत रुपेरी कागद गुंडाळलेली नळी असते, तिला तीन पंख असतात आणि खाली तांबड्या जिलेटिन कागदाची ज्वाळा असते. पालक ते घेतात, मूल ते टेबलावर मांडते आणि चिकटवलेला मजकूर पाठ म्हणते. हे यान खऱ्याच्या किती पट लहान आहे, यात माणूस कुठे बसतो, दार कोणते, इंधन कुठे, असे विचारले तर मूल गप्प राहते, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही, कारण हे प्रश्न त्याच्यासमोर कधी आलेलेच नसतात. परीक्षकही ते विचारत नाहीत. ज्या यानावर दिवे अधिक त्याला क्रमांक मिळतो. त्यातच थर्माकोल अजूनही सर्रास वापरले जाते. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, ही गोष्ट शाळांनी तरी लक्षात ठेवायला हवी.

माझी सूचना अशी आहे की मुलांनी अंतराळयानाची प्रतिकृती मुळापासून स्वतः बांधावी. तिचा आराखडा त्यांचा असावा, तिचे सामान घरातले, गल्लीतले, शेतातले आणि कारखान्याच्या भंगारातले असावे, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ठरवलेल्या प्रमाणात असावी. या तीन अटींपैकी तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या दोन पाळल्या आणि तिसरी सोडली तर शोभेची वस्तू तयार होते. तिसरी पाळली की तीच वस्तू प्रतिकृती होते, आणि तिच्याकडे पाहणाऱ्याला खरे यान केवढे असेल याचा अंदाज आपोआप येतो.

प्रमाण म्हणजे काय, हे आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवले जात असे. बिडाची ओतीव वस्तू थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी वेगळी पट्टी वापरतात, जिच्यावरील प्रत्येक सेंटिमीटर तेवढ्या अंशाने वाढवलेला असतो. कारागीर दिवसभर त्या पट्टीने काम करतो आणि साधी पट्टी त्या टेबलावर येऊसुद्धा देत नाही, कारण एका भागाला एक पट्टी आणि दुसऱ्याला दुसरी लागली तर कास्टिंग जुळत नाही. प्रतिकृतीचेही तसेच आहे. एका भागाला १:७२ (म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान) आणि दुसऱ्याला १:४८ असे प्रमाण नकळत लागले, तर पाहणाऱ्याला चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही, पण यान खोटे वाटते.

मुलांनी कल्पनेतल्या यानाकडे वळण्यापूर्वी एखादे खरे वाहन मापात करून पाहावे असे मला वाटते, आणि त्यासाठी आपल्या देशाचे एलव्हीएम-३ हे रॉकेट फार सोयीचे आहे. चांद्रयान-३ याच रॉकेटने १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले होते. याची उंची ४३.५ मीटर आहे, मधल्या टप्प्याचा व्यास ४ मीटर, दोन्ही बाजूंच्या घन इंधनाच्या बूस्टरांचा व्यास ३.२ मीटर आणि वरच्या टोपणाचा व्यास ५ मीटर आहे. आता १:१०० हे प्रमाण घेतले तर हे व्यास अनुक्रमे ४०, ३२ आणि ५० मिलिमीटर होतात, आणि शेतीच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपांचे बाहेरचे व्यास नेमके हेच आहेत. ज्या दुकानातून आपण विहिरीच्या मोटारीसाठी पाइप आणतो, त्याच दुकानाच्या कोपऱ्यातील तुकड्यांतून साडेत्रेचाळीस सेंटिमीटर उंचीचे रॉकेट अचूक मापात उभे राहते. एवढी सोय प्रत्येक यानाच्या बाबतीत मिळत नाही. जिथे ती आहे तिथून सुरुवात करावी. फक्त दुकानदार इंचांत बोलतो, आणि तो ज्याला दोन इंची म्हणतो तो पाइप बाहेरून ६३ मिलिमीटर भरतो, म्हणून मुलाने खिशात व्हर्निअर कॅलिपर ठेवावा आणि बाहेरचा व्यास स्वतः मोजून घ्यावा. टोपणाचे निमुळते टोक सुताराच्या लेथवर लाकडाचे काढून मिळते; ते जमत नसेल तर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या एकावर एक लावून, वरून लांबी (पुट्टी) भरून आणि काचकागदाने घासून तोच आकार साधता येतो. घासताना कडेचा आकार बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी पुठ्ठ्यात त्याच वळणाची खाच कापून ती फिरवत राहावी. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही हेच करत होतो आणि याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

यानंतर स्वतःच्या कल्पनेचे यान. इथे मुले बहुधा आकारापासून सुरुवात करतात. मला वाटते सुरुवात माणसापासून करावी. प्रमाण १:७२ ठरवले तर पावणेदोन मीटर उंचीचा माणूस २४ मिलिमीटरचा होतो. तो आधी तारेचा आणि एम-सीलचा करून टेबलावर उभा करावा आणि काम संपेपर्यंत तिथून हलवू नये. दार लावायचे तर तो आत जाईल एवढे, शिडीची पायरी त्याचा पाय पोहोचेल एवढ्या अंतरावर, हाताचा कठडा त्याच्या मुठीत मावेल एवढा जाड. वर सांगितलेला ६३ मिलिमीटरचा पाइप या प्रमाणात साडेचार मीटर व्यासाचा कक्ष होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अमेरिकी प्रयोगशाळेचा कक्ष ४.३ मीटर व्यासाचा आणि ८.५ मीटर लांबीचा आहे, म्हणजे हा पाइप सुमारे १२ सेंटिमीटर लांब कापला की माणसे जिथे खरोखर राहतात त्या जागेइतकी जागा मुलाच्या हातात येते. त्याच पाइपला १:१०० प्रमाण लावले तर तो सहा मीटरांहून रुंद होतो. पाइप तोच, पण शेजारी उभा केलेला माणूस २४ ऐवजी साडेसतरा मिलिमीटरचा. ही गोष्ट मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिली की गुणोत्तराचे गणित त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

मग प्रश्न येतो तो यानावर काय असावे याचा, आणि माझ्या मते या छंदाचा सर्वांत रसाळ भाग हाच आहे. वातावरणात कधीच न शिरणाऱ्या यानाला पंख नको असतात, कारण तिथे हवाच नाही. पण इंधनाच्या टाक्या हव्यात, आणि त्या गोल किंवा गोल टोकांच्या असाव्यात, कारण आतला दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो आणि त्याच वजनाच्या पत्र्यात टाकी अधिक मजबूत होते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठे चपटे पत्रे हवेत. जमिनीवर इंजिन वाऱ्याने थंड होते. निर्वात पोकळीत उष्णता फक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते, आणि म्हणूनच अंतराळ स्थानकावर सौरपत्र्यांखेरीज पांढऱ्या रेडिएटरचे लांब पट्टे दिसतात. चित्रांतील यानांवर हे पट्टे क्वचितच असतात, त्यामुळे ज्या मुलाच्या यानावर ते असतील त्याने विचार केला आहे हे परीक्षकाने लगेच ओळखावे. यान वळवण्यासाठी वायूचा झोत सोडणाऱ्या छोट्या नोझलांचे गट लागतात. अपोलो यानाच्या सेवाकक्षाभोवती चार-चार नोझलांचे चार गट ९० अंशांच्या अंतराने बसवलेले होते. ते तसे का, हे मुलाने कागदावर बाण काढून शोधावे. एकाच बाजूला नोझल लावले तर यान नुसते फिरत का राहील, हे त्याला स्वतःलाच कळेल. पृथ्वीवर परतायचे असेल तर परतणारा भाग वेगळा आणि बोथट तळाचा हवा. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी ज्या सोयूझ टी-११ यानातून गेले, त्या जातीच्या यानाचे तीन भाग असतात आणि त्यांतला मधला, घंटेच्या आकाराचा भागच तेवढा माणसांना घेऊन खाली येतो. बाकीचे दोन भाग परतायचे नसल्यामुळे त्यांना उष्णतारोधक ढालीचे वजन वाहावे लागत नाही.

या सर्व भागांसाठी लागणारे सामान आपल्या सीमाभागात जेवढे विविध मिळते तेवढे क्वचितच कुठे मिळत असेल. ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांत ठिबकचे जुने सामान पडलेले असते: ड्रिपर, ग्रोमेट, टेक-ऑफ, नळीची टोके बंद करणाऱ्या टोप्या, स्प्रिंकलरची नोझल. एकाच साच्यातून निघालेले, त्यामुळे हुबेहूब सारखे असलेले हे तुकडे नोझलांच्या गटांसाठी अगदी योग्य आहेत. हाताने सोळा सारखी नोझल करायला मुलाला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. वडगाव, शहापूर आणि खासबाग भागातील यंत्रमागांवरून सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन मिळतात, ते दोन वेगळ्या व्यासांच्या पाइपांमधला उतरता सांधा म्हणून फार उपयोगी पडतात, आणि प्लॅस्टिकच्या कांड्यांवरील बारीक आडव्या खाचा शीतनलिकांसारख्या दिसतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या वेटोळ्यांतील तांब्याची तार मिळते. अर्धा मिलिमीटर जाडीची तार १:७२ प्रमाणात ३६ मिलिमीटरची होते, म्हणजे अंतराळवीराच्या मुठीत बसेल असा कठडा. खराट्याच्या काड्यांचे त्रिकोण जोडून लांब सांगाडा करता येतो, आणि सायकलच्या चाकातील तार त्याच्या पोटातून घातली की तो वाकत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटे, पेनांची टोपणे, बंद पडलेले घड्याळ, मिक्सरचे तुटलेले बटण, इंजेक्शनच्या सुयांची (सुया काढलेली) झाकणे, यांची यादी मी लांबवत नाही. खानापूरला कुंभारकामाची मोठी परंपरा आहे. ज्या मुलांच्या घरी चाक आहे त्यांनी गोल टाक्या मातीच्या केल्या तर त्या कोणत्याही प्लॅस्टिकच्या चेंडूपेक्षा देखण्या होतील, हे माझे वैयक्तिक मत.

सामान मिळाले म्हणजे सगळे चिकटवायचे, असे मात्र होऊ नये. भंगारातून केलेल्या यानांत नेहमी आढळणारा दोष म्हणजे संपूर्ण पृष्ठभाग तुकड्यांनी भरून टाकणे. मी मुलांना एकच नियम सांगतो: जो तुकडा लावशील तो काय आहे ते मला सांग. ‘हा पंप आहे, ही त्याला येणारी नळी, ही नळी त्या टाकीपासून निघते,’ असे उत्तर आले तर तुकडा राहील. ‘छान दिसतो म्हणून,’ असे आले तर निघेल. असे केले की बारीक कामाची दाटी इंजिनाजवळ, सांध्यांजवळ आणि दारांजवळ आपोआप जमते आणि कक्षांच्या भिंती मोकळ्या राहतात. मोकळ्या भिंतीशेजारी दाटी असली की यान मोठे दिसते. सगळीकडे दाटी असली तर ते लहान आणि गोंधळलेले दिसते. ओळखीच्या वस्तूची ओळखही पुसावी लागते. पेनाचे टोपण टोपण म्हणून ओळखू आले तर पाहणाऱ्याच्या मनात यानाचा आकार तत्क्षणी हातभर होतो, म्हणून त्याची क्लिप कापावी, कंपनीचे नाव घासावे, ते उलटे बसवावे किंवा अर्धे आत दडवावे. कडांची जाडीही पाहावी. तीन मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा) १:७२ प्रमाणात वीस सेंटिमीटरांहून जाड भिंत होतो, आणि यानाची भिंत एवढी जाड नसते. कड आतून तिरपी कापली की ती पातळ दिसते. पत्र्यांच्या जोडरेषा कोरतानाही हात आवरावा, कारण अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या यानावर दोन बोटे रुंद फट.

जोडकामाबद्दल थोडेसे. फेव्हिकॉल लाकडाला आणि पुठ्ठ्याला उत्तम, पण दोन प्लॅस्टिकांमध्ये त्यातील पाणी सुकायला वाट मिळत नाही आणि सांधा सुटतो. पीव्हीसीला पाइपवाल्याचे सॉल्व्हंट सिमेंटच वापरावे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करते. फेव्हिक्विकवर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते जागच्या जागी दगडासारखे होते आणि फट भरून निघते, मात्र त्या वेळी ऊष्मा आणि वाफ निघते, म्हणून तोंड दूर ठेवावे. ही सारी कामे उघड्या ओट्यावर करावीत, धारदार कटर मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वापरावा, आणि पीव्हीसी किंवा एम-सील घासताना पाण्यात भिजवून वापरायचा काचकागद घ्यावा म्हणजे धूळ नाकात जात नाही. यान लांब असेल तर रंगापूर्वी ते दोरीने टांगून त्याचा तोल कुठे आहे ते पाहावे आणि आधाराचा दांडा नेमका तिथेच बसवावा. नंतर दांडा बसवायला गेले की पूर्ण झालेले काम मोडते.

रंगाची पहिली पायरी म्हणजे सगळ्यावर एकच करडा प्रायमर. निळा पाइप, काळा ड्रिपर, पिवळे टोपण, तपकिरी पुठ्ठा, हे सगळे त्या एका थराखाली एकजीव होतात, आणि मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी या टप्प्यावर सर्वांत अधिक पाहिला आहे. त्यानंतरचा रंग चकाकणारा नसावा. तैलरंगाची चकाकी खिडकीचे आणि पाहणाऱ्याचे प्रतिबिंब दाखवते आणि वस्तू केवढी आहे ते उघड करते. मंद रंग ते लपवतो. सोनेरी कागद सरसकट गुंडाळू नये. खऱ्या यानावर तो उष्णतारोधक आवरणाचा असतो, अनेक पातळ थरांचा, आणि जिथे तापमान सांभाळायचे असते तिथेच असतो. तो थोडा चुरगळून लावला तर खऱ्यासारखा दिसतो. ताणून गुळगुळीत लावला तर मिठाईच्या खोक्यासारखा. दिवे लावायचे असतील तर जरूर लावावेत, पण आधी पाइपाला आतून काळा रंग द्यावा, नाहीतर भिंतीतूनच उजेड झिरपतो, आणि खिडकीचे छिद्र मापात ठेवावे. एक फूट रुंदीची खिडकी १:७२ मध्ये चार मिलिमीटरची असते.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला अभ्यासाच्या वेळेचा. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होतात, उद्यमबागेत आणि मच्छे भागात कास्टिंग आणि मशिनिंगचे कारखाने आहेत. या सर्व ठिकाणी पहिल्या दिवशी लागते ती आराखडा वाचण्याची, माप घेण्याची आणि चुकलेले माप आधीच ओळखण्याची क्षमता. ती पुस्तकातून येत नाही, आणि ज्या मुलाने एक यान मापात बांधले आहे त्याला ती आलेली असते. ज्या गावात एवढे ओतकाम होते त्या गावातील मुलांनी दुकानातून रॉकेट विकत आणावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसरा आक्षेप असा की आता थ्रीडी प्रिंटरवर सगळे निघते, मग एवढी खटपट कशाला. प्रिंटर चांगले यंत्र आहे आणि ज्याने स्वतः आराखडा काढला त्याने ते वापरायला माझी हरकत नाही. आयता आराखडा उतरवून छापलेले यान मात्र विकत आणलेल्या यानापेक्षा फारसे वेगळे नाही.

म्हणून किल्ला स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना, तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातील शाळांना माझी विनंती आहे की त्यांनी येत्या वर्षी मापातील अंतराळयान असा एक स्वतंत्र विभाग ठेवावा. मराठी आणि कन्नड माध्यमांची मुले एकाच गटात आली तर अधिक चांगले. एका गल्लीतील मुले तशीही एकत्रच खेळतात. नियम थोडेच असावेत, पण ते पाळले जावेत. यानाशेजारी मुलाने स्वतः काढलेला, मापे लिहिलेला आराखडा असावा. प्रमाण ठळक अक्षरांत लिहिलेले असावे आणि त्या प्रमाणातील एक माणूस यानाजवळ उभा असावा. अंतराळयान म्हणून विकला जाणारा कोणताही तयार भाग चालू नये. दुसऱ्या कामासाठी बनलेली कोणतीही वस्तू चालावी. परीक्षकांनी हातात पट्टी आणि कॅलिपर घेऊन दार, खिडकी आणि कठडा मोजावा, मुलाला दहा मिनिटे बोलू द्यावे आणि निम्मे गुण त्या बोलण्याला द्यावेत. पालकांनी किती मदत केली हे त्या दहा मिनिटांत कळते, त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र नको. दिव्यांना गुण नसावेत. खर्चाला मर्यादा घालावी, म्हणजे ज्याच्या घरी पैसे आहेत त्याला त्याचा फायदा मिळणार नाही. कारखानदारांनी आणि यंत्रमागधारकांनी आपल्या भंगारातून धार नसलेले, तेलकट नसलेले तुकडे निवडून शाळांना एक-एक खोके द्यावे. लेथवरील चुरा आणि कापलेल्या पत्र्याचे तुकडे मात्र त्यात मुळीच नसावेत.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा एखाद्या खऱ्या यानाची मापे आणि तीन बाजूंची आकृती छापावी. सुरुवात चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरने करता येईल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरलेल्या या यानाची काया पाय वगळता २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.१७ मीटर उंच आहे. प्रमाण १:२० घेतले तर ती दहा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि जेमतेम सहा सेंटिमीटर उंच होते, म्हणजे पाचवीतील मुलाला एका सुटीत पुठ्ठ्याचे करता येईल एवढी. चार पाय, तळाशी चार इंजिने, बाजूंना सौरपत्रे, आणि प्रज्ञान रोव्हर ज्या उतरत्या फळीवरून बाहेर आला ती फळी, एवढे त्यात आले की पुरे. आकृती काढण्याचे काम मी आनंदाने करीन, आणि ज्या शाळांना पॅटर्नकामाची पट्टी, गुण्या आणि कॅलिपर कसे वापरायचे हे मुलांना दाखवायचे असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. माझी जुनी हत्यारे चालू स्थितीत आहेत आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यानंतर मी येऊ शकतो.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त पॅटर्न कारागीर
अनगोळ, बेळगाव